कर्ता नसलेली वाक्यं

मुद्रितात त्या ओळीवर निळ्या शाईची एक सरळ रेघ होती, पट्टी धरून ओढल्यासारखी. ओळ मीच लिहिली होती, आमच्या गावच्या मास्तरांच्या मृत्यूलेखात : ‘निवृत्तीनंतर थकलेल्या पगारासाठी मास्तरांनी तीन वेळा अर्ज केले, त्यांना उत्तर मिळालं नाही.’ तिच्या जागी घालायचं वाक्य फादरांनी आपल्या बारीक, वळणदार अक्षरात समासात लिहून ठेवलं होतं : ‘त्यांनी मिशनची निःस्वार्थ सेवा केली.’ आमच्या धर्मग्रामाची पत्रिका आठ पानांची. रविवारी मिस्सेनंतर दाराजवळच्या टेबलावर तिचा गठ्ठा असतो, लोक डब्यात पाच-दहा रुपये टाकतात आणि एकेक अंक उचलून पार्किंगकडे जातात. ती आठ पानं मी तपासते. नारायण पेठेतल्या एका छापखान्यात उभं आयुष्य मुद्रितं तपासण्यात गेलं, त्यामुळे समासात खूण दिसली की हात आपोआप चालतो. त्या दिवशीही चालला. ओळ काढली, फादरांचं वाक्य घातलं, ‘निःस्वार्थ’मधला विसर्ग नीट उमटलाय ना ते पाहिलं आणि पान पुढे पाठवलं.

तो विसर्ग तेव्हापासून डोळ्यांपुढून हलत नाही.

आमच्याकडे, नगरच्या बाजूला, कॅटेकिस्टला, म्हणजे गावात राहून धर्मशिक्षण देणाऱ्या माणसाला, मास्तर म्हणायचे. फादर गावात यायचे महिना-दीड महिन्याने, मोटारसायकलवरून, धुळीने माखून. बाकीचे सगळे दिवस मास्तरांचे. संध्याकाळी कंदिलाची काच राखेने पुसून ते ओट्यावर बसायचे आणि आम्ही पोरं ‘नमो मरिये कृपापूर्णे’ एका सुरात म्हणायचो. रॉकेलचा वास, शेणाने सारवलेल्या जमिनीचा ओलसर गारवा आणि मध्येच कुणाच्या तरी पाठीत बसलेला मास्तरांचा हलका धपाटा, हे सगळं मिळून माझी प्रार्थना झालेली आहे. ओढ्याला पूर आला आणि फादर पलीकडेच अडकले की माणसाला माती द्यायचं कामही मास्तरच करायचे. लोकांची पत्रं वाचून दाखवायचे, अर्ज लिहून द्यायचे. बहात्तरच्या दुष्काळात आमची माणसं खडी फोडायला जात होती आणि घरात लाल मिलोची भाकरी होती, तेव्हा कुणाच्या घरी चूल पेटली नाही याची यादी मास्तरांच्या डोक्यात असायची. दुसऱ्यांचे अर्ज लिहिणाऱ्या या माणसाने म्हातारपणी स्वतःसाठी अर्ज लिहिले. ते मला त्यांच्या बायकोने, मास्तरीणबाईंनी, मातीच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं आणि मी ते लेखात घातलं.

आमच्या घरात छापील मजकूर म्हणजे ‘निरोप्या’. १९०३ साली हेन्री डोरिंग या जर्मन जेझुइट फादरांनी हे मासिक सुरू केलं. पुढे तेच पुण्याचे बिशप झाले, मध्ये काही वर्षं जपानात हिरोशिमाला गेले आणि पुन्हा पुण्याला परतले. बाबासाहेबांचा ‘मूकनायक’ निघाला १९२० साली, म्हणजे त्याच्याही सतरा वर्षं आधी आमच्यासारख्यांच्या वस्तीत एक मराठी मासिक येत होतं. अंक आला की मास्तर तो वाचून दाखवायचे आणि आज्या डोळे मिटून ऐकायचा. आज्याचं नाव जन्मात एकदाच छापून आलं, ते त्यातच, कसल्याशा वर्गणीच्या यादीत, दोन ओळींच्या मधोमध. तो कागद त्याने ट्रंकेत लग्नातल्या फेट्याखाली जपून ठेवला होता. महारवाड्यातल्या माणसाचं नाव तेव्हा कोणतं वर्तमानपत्र छापणार होतं? म्हणून चर्चच्या छापील कागदाविषयी माझ्या मनात जे आहे ते आधी प्रेम आहे. पुढे जे लिहिते आहे ते या प्रेमाला धरूनच लिहिते आहे.

मुद्रितं तपासणाऱ्याला मजकुरापेक्षा वाक्याची ठेवण आधी दिसते. आमच्या लोकांची, देशातली आणि बाहेरची, नियतकालिकं मी वर्षानुवर्षं वाचत आले आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली. कोनशिला बसवली जाते तेव्हा वाक्याला कर्ता असतो. ठळक टाइपात, सगळ्या पदव्यांसकट, महागुरुस्वामींनी, म्हणजे बिशपांनी, कोनशिला बसवली. आशीर्वाद दिला, उद्घाटन केलं, मार्गदर्शन केलं, इथे कर्ता कधीच गळत नाही. पण बातमी कुणाला लागणारी असली की वाक्य कूस बदलतं. निर्णय घेण्यात आला. बदली करण्यात आली. शाळेचं माध्यम बदलण्यात आलं. काही गैरसमज पसरवले जात आहेत. फादर प्रकृतीच्या कारणास्तव रजेवर आहेत. निर्णय कुणी घेतला, बदली कुणी केली, गैरसमज कुणाचा आणि तो कशाविषयी, यातलं काहीच त्या वाक्यात सापडत नाही. मराठीला ही सोय आहे, सरकारी परिपत्रकंही तिच्यावरच चालतात. पण जे मासिक लोक क्रुसाखालच्या फळीवर बायबलशेजारी ठेवतात, त्यात ही सोय वापरली की ती वेगळी लागते. खोटं एक अक्षर नसतं. तरीही शेवटी वाचणाऱ्याच्या मनात असं चित्र उभं राहतं की चांगली कामं माणसं करतात आणि वाईट गोष्टी पावसासारख्या आपोआप होतात.

मी फादरांकडे गेले होते. अंक छापून झाल्यावर गेले, आधी नाही. हेही इथे लिहायला हवं. हे फादर वाईट नाहीत. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत घरची माणसं जवळ यायला भीत होती, तेव्हा ते त्या घामट प्लास्टिकच्या किटमध्ये प्रत्येक कबरीपाशी उभे राहिले. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला. म्हणाले, “मावशी, तुमचं वाक्य खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण हा मृत्यूलेख आहे. आणि अंक आता कागदावर राहत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर जातो. बाहेर आपल्याविषयी आधीच काय काय बोलतात, तुम्हाला माहीत आहे.” मला माहीत आहे. रविवारी कुणाच्या घरी दहा माणसं प्रार्थनेला जमली की शेजारचे खिडकीत येतात, मोबाइल वर करतात. ‘धर्मांतर’ हा शब्द आमच्याकडे बघून किती सहज उच्चारला जातो, ते रोज कानावर पडतं. त्यामुळे फादरांची भीती मला परकी वाटली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं माझी आईही म्हणायची.

पण मुठीत कोण असतं?

चहा पिऊन येताना नगर रोडवर मेट्रोच्या खांबांखालून चालत होते आणि हा प्रश्न बरोबर चालत होता. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या यादीबाहेर राहिले. त्यावर चर्चच्या छापील कागदांनी भरपूर लिहिलं, मनापासून लिहिलं. तिथे कर्ता स्पष्ट होता, कारण तो दिल्लीत होता. आपल्याच देवळातल्या बाकांवर, कबरस्तानात, धर्मगुरू घडवणाऱ्या गुरुविद्यालयाच्या वाटेवर जात कशी बसलेली आहे, हे लिहायला मात्र पेन अडखळत राहिलं. २०१६ च्या डिसेंबरात भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर केलं आणि चर्चमध्ये अस्पृश्यता आहे हे त्यात मान्य केलं. बिशपांनी मान्य केल्यावर आपल्यालाही लिहिता येऊ लागलं. मला तेच टोचतं. आमच्या मास्तरांना ते त्यांच्या लहानपणापासून माहीत होतं. त्यांच्या माहितीला बातमी व्हायला वरून सही यावी लागली.

माझा एक भाचा काही वर्षं ब्रदर होता, धर्मगुरू व्हायला रामवाडीला ज्ञानदीप विद्यापीठात शिकत होता. सुट्टीला येताना वाचून झालेले अंक, झेरॉक्स असं काहीबाही घेऊन यायचा आणि मी डिक्शनरी घेऊन बसायचे. त्यातून मला कळलं की माझ्या ओळीवरच्यासारख्या निळ्या रेघा जगभर ओढल्या गेल्या आहेत. अमेरिकेत कॅन्सस सिटीला १९६४ साली ‘नॅशनल कॅथलिक रिपोर्टर’ निघालं, तेव्हा तिथले बिशप चार्ल्स हेल्मसिंग यांचा आशीर्वाद त्याच्या पाठीशी होता. चारच वर्षांनी, १९६८ मध्ये, त्याच बिशपांनी त्याचा जाहीर निषेध केला आणि नावातला ‘कॅथलिक’ हा शब्द काढून टाका असं सांगितलं. वृत्तपत्राने तो काढला नाही. हट्टाचं वाटावं असं हे वागणं. पण १९८५ मध्ये लुईझियाना राज्यातल्या एका धर्मगुरूने मुलांवर केलेल्या अत्याचारांविषयी आणि ते झाकणाऱ्या व्यवस्थेविषयी याच वृत्तपत्राने सविस्तर लिहिलं. बॉस्टनच्या मोठ्या दैनिकाने तिथलं प्रकरण उघड केलं आणि सगळं जग हादरलं ते २००२ मध्ये. मधली सतरा वर्षं! त्या सतरा वर्षांत किती मुलं पहिल्या इयत्तेतून कॉलेजात गेली असतील, याचा मी कधीकधी विचार करते आणि पुढे करवत नाही.

मला सगळ्यात जास्त भिडलं ते मात्र व्हॅटिकनच्या अगदी दाराशी घडलेलं. ‘लोस्सेर्वातोरे रोमानो’ हे व्हॅटिकनचं दैनिक, १८६१ पासूनचं. त्याच्याबरोबर बायकांनी चालवलेलं एक मासिक निघायचं आणि लुचेत्ता स्काराफ्फिया या इतिहासाच्या प्राध्यापक ते सांभाळायच्या. २०१८ च्या मार्चमध्ये त्यांनी एक लेख छापला : कार्डिनलांच्या, बिशपांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या, कपडे धुणाऱ्या सिस्टर्स, त्यांच्या कामाला ठरलेले तास नाहीत, पगार नाही किंवा अगदी नावापुरता. लेख वाचताना माझ्यापुढे रोम आलंच नाही. ओट्यावर बसलेले मास्तर आले. पुढच्या वर्षी याच मासिकाने धर्मगुरूंकडून सिस्टरांवर होणाऱ्या अत्याचारांविषयी लिहिलं आणि २०१९ च्या मार्चमध्ये स्काराफ्फिया आणि त्यांच्या संपादक मंडळाने राजीनामे दिले. आपल्यावर अविश्वास दाखवला जातो आहे, आपल्याला पुरुषांच्या थेट ताब्यात आणलं जातं आहे, असं त्या म्हणाल्या. दैनिकाच्या नव्या संपादकांनी ते नाकारलं, मी त्यांना पूर्ण स्वातंत्र्य दिलं होतं असं सांगितलं. आत काय झालं ते पुण्यात बसून मी ठरवणार नाही. पण ‘निःस्वार्थ’ हा शब्द पगाराच्या रकान्यात कसा बसवला जातो, ते त्या बायकांनी व्हॅटिकनच्याच कागदावर छापून दाखवलं होतं.

आणि नियमात असंच लिहिलं आहे असं कुणी म्हणेल, तर तसंही नाही. बारावे पायस यांच्यासारखे जुन्या वळणाचे पोप १९५० मध्ये कॅथलिक पत्रकारांपुढे म्हणाले होते की चर्चमध्ये लोकमत नसेल तर चर्चच्याच जगण्यात काहीतरी उणं राहील. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये संपर्कमाध्यमांवर हुकूमनामा काढला, तेव्हा १९६० मतं बाजूने आणि १६४ विरोधात पडली. परिषदेच्या सोळा दस्तऐवजांमध्ये शेवटच्या मतदानात इतका विरोध दुसऱ्या कशालाच झाला नाही, कारण अनेकांना तो फार तोकडा वाटला. आणि चर्चच्या कायद्याचं पुस्तक असलेल्या १९८३ च्या धर्मसंहितेतलं २१२ वं कलम सांगतं की भाविकांना आपलं मत धर्मगुरूंना सांगण्याचा हक्क आहे, कधीकधी ते कर्तव्यच आहे, आणि ते इतर भाविकांनाही सांगायचं आहे. आदर राखून, माणसांची प्रतिष्ठा जपून. भाच्याने त्या कलमाखाली पेन्सिलने रेघ मारून दिली होती. तीही सरळ रेघ, पण अक्षरांच्या खालून गेलेली. त्याच पुस्तकात चार कलमं पुढे, २१६ मध्ये, असंही आहे की अधिकाऱ्यांच्या संमतीशिवाय कुठल्याही उपक्रमाने ‘कॅथलिक’ हे नाव लावू नये. बोला, पण नाव आमच्या हाती. दोन्ही कलमं मला पाठ झाली आहेत आणि त्यांच्यामधल्या त्या तीन कलमांच्या जागेतच आमचा सगळा छापील संसार चाललेला आहे असं वाटतं.

मस्कतला असलेला पुतण्या म्हणतो, काकू, चर्चचे पेपर सोडून द्या, आता स्वतंत्र चॅनेलं आहेत. तो मला ईडब्ल्यूटीएनचे व्हिडिओ पाठवतो. १९८१ साली अलाबामात मदर अँजेलिका नावाच्या सिस्टरांनी सुरू केलेली ही वाहिनी आता केवढी तरी मोठी झाली आहे. तिचा रोझरीचा कार्यक्रम मला आवडतो, खोटं कशाला सांगू. पण बातम्या बघताना छातीत धस्स होतं. २०१८ मध्ये एका आर्चबिशपांनी पोप फ्रान्सिस यांनी राजीनामा द्यावा असं पत्र लिहिलं, ते छापणाऱ्यांत याच समूहाचं वृत्तपत्र होतं. तिथे बिशपांची निळी रेघ नाही. मग कुणाची आहे? वाहिनी देणग्यांवर चालते, आणि देणाऱ्याला काय ऐकायला आवडतं ते चालवणाऱ्याला न सांगता कळत असणार. आमच्या पत्रिकेच्या शेवटच्या पानावर ज्याची जाहिरात असते त्या बिल्डरविषयी आम्ही तरी कधी लिहिलं? २०२१ मध्ये पोप स्लोव्हाकियातल्या जेझुइटांशी बोलताना म्हणाले, एक मोठी कॅथलिक वाहिनी पोपविषयी सतत वाईट बोलत असते. नाव त्यांनी घेतलं नाही, सगळ्यांना ते कळलं. मी ते वाचलं आणि वाटलं, हेही आमच्याच व्याकरणातलं वाक्य.

म्हणजे वेगळं करता येतच नाही का? येतं. वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकाचं संपादन फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ पासून २००७ पर्यंत केलं. झगा अंगावर, मासिक चर्चचं, आणि तरी तो अंक वसईबाहेरचे, ख्रिस्ती नसलेले मराठी वाचकही हातात घ्यायचे. हरित वसईच्या लढ्यात ते जमिनी गिळणाऱ्यांविरुद्ध रस्त्यावर उभे राहिले. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा पाठीच्या दुखण्याने त्यांना नीट बसताही येत नव्हतं. टीव्हीवर त्यांना बघताना मला आज्या आठवला, त्याचा तो ट्रंकेतला कागद आठवला. अधिकार आणि छापील शब्द एका माणसात इतक्या मोकळेपणाने राहू शकतात, हे मी पाहिलेलं आहे. म्हणून मला फादरांच्या रेघेचा राग आला त्याहून अधिक माझ्या हाताचा आला.

कारण ती ओळ पुन्हा वाचली तेव्हा एक गोष्ट दिसली. ‘त्यांना उत्तर मिळालं नाही.’ माझ्या वाक्यालाही कर्ता नव्हता. उत्तर कुणी दिलं नाही? कुठल्या कार्यालयाने, कुठल्या माणसाने? चाळीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं तपासली आणि स्वतःच्या मास्तरांविषयी लिहिताना मी तीच सोय वापरली. फादरांच्या हातात पान जाण्याआधीच मी माझ्या हाताने निम्मं पुसलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. पाठीत धपाटा घालायला कुणी उभं नव्हतं. लहानपणापासून कानात बसलेला सूर होता, फादरांविषयी बोलताना आवाज खाली आणायचा सूर, तोच बोटांत उतरला होता.

गेल्या आठवड्यात अंक घेऊन यरवड्याला गेले. मास्तरीणबाई नातवाकडे असतात, पत्र्याखालच्या एका खोलीत. पाऊस पडून गेलेला, पत्र्यावरून थेंब एका पातेल्यात पडत होते. त्यांना आता दिसत नाही, म्हणून लेख मी वाचून दाखवला. जसा मास्तर वाचून दाखवायचे तसा, प्रत्येक वाक्यानंतर थोडं थांबून. कंदिलाचं आलं तेव्हा त्या हसल्या. पुराच्या वेळचं आलं तेव्हा पदर तोंडाला लावला. ‘निःस्वार्थ’ आला आणि गेला. वाचून संपलं तरी त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “लई झ्याक लिव्हलंय. आन् त्ये पगाराचं?”

“ते काढलं,” मी म्हणाले.

“कुनी?”

पातेल्यात थेंब पडत होता. माझ्या तोंडात ‘काढण्यात आलं’ तयार होतं, खरंच तयार होतं. “फादरांनी रेघ मारली,” मी म्हणाले, “आणि काढलं मी.”

त्यांनी मान हलवली. रागावल्या की नाही ते कळलं नाही. दिसत नसलेल्या डोळ्यांतलं काही वाचता येत नाही. “काय व्हतं त्ये, म्हन बरं,” असं म्हणाल्या. ओळ मला पाठ होती. म्हटली : निवृत्तीनंतर थकलेल्या पगारासाठी मास्तरांनी तीन वेळा अर्ज केले.

“तीन न्हाई. चार,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “चवथा मीच घिऊन गेल्ते. ह्यांच्यानं चालवत नव्हतं तवा.”

मी पिशवीतून पेन काढलं आणि विचारलं, कुणाच्या हातात दिला. त्यांनी नाव सांगितलं. कोणता वार होता, बाहेर किती वेळ बसवलं, प्यायला पाणी कुणी आणून दिलं, तेही सांगितलं. मी अंकाच्या समासात सगळं लिहून घेतलं.